कानबाईसाठी आणलेला प्लेयर

रनाळे, ता. नंदुरबार
सोमवार, २८ जुलै २०२५

प्रिय निर्मलाताईंना,
धाकट्या जावेचा, शीलाचा, वाकून नमस्कार.

इकडे सगळं बरं आहे. तुम्ही, चंदन, सूनबाई आणि नात काजल सुरतेत खुशाल असाल. काजलचे पुढचे दात आले का? सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे, म्हणून घर शाबूत आहे. कपाशीची निंदणी चालू आहे. आमचे हे नेहमीसारखेच. विचारलं तर बोलतात, नाही विचारलं तर जेवतात.

घरोघरी फोन असताना हिला पत्र कुठून सुचलं, असं म्हणाल. फोनवर तुम्ही दोन वेळा "बघू, बघू" म्हणता आणि फोन काजलच्या हातात देता. मग ती मला शाळेतली कविता म्हणून दाखवते. पत्र तिच्या हातात देऊन सुटका नाही, तिला अजून जोडाक्षरं येत नाहीत.

बातमी अशी, की मी गाण्यांचा प्लेयर घेतला. खिशात मावेल एवढा. येत्या रविवारी घरात देवी, आपली कानबाई आई, बसणार, रात्रभर तिची गाणी व्हायला हवीत. तुम्ही सुरतेला गेल्यापासून दोन कानबाया आम्ही कशा काढल्या ते आईलाच माहीत. पहिल्या वर्षी आम्ही चौघी चार चालींत गायलो. गेल्या वर्षी मोबाईलवर गाणी लावली, तर आई उंबऱ्यात आली आणि मधेच पंख्याची जाहिरात सुरू झाली. सासूबाईंनी मोबाईलवर पाण्याचा तांब्याच ओतायचा बाकी ठेवला होता.

म्हणून नंदुरबारला गेले. दुकानदार मिथुन आपल्याच गावचा, तरी म्हणतो, "वहिनी, आते हाई कोन लेस? समदं मोबाईलमाच ऱ्हास." मी म्हटलं, तुला विकायचा आहे की सल्ला द्यायचा आहे? मग त्याने कपाटाच्या मागून तीन काढले. एक नुसत्या काचेचा, बोट फिरवायचं. एकाला लाल-निळे दिवे, लग्नाच्या गाडीसारखे. तिसरा काळा, साधा, मेमरी कार्डाचा, फुगीर बटणांचा, स्वतःचा छोटा स्पीकर असलेला. मी डोळे मिटून एकेकाची बटणं चाचपून पाहिली. दुकानातली गिऱ्हाइकं हसत होती. हसेनात का! सासूबाईंना कमी दिसतं आणि माझे हात त्या दिवशी पिठात असणार. मला कोपरानेसुद्धा दाबता येईल असा हवा होता. काळा घेतला.

आणि खरं सांगते ताई, भारी वस्तू आहे. जाहिरात नाही, कोणाचा फोन नाही. एकदा चार्ज केला की दोन-तीन दिवस बघायला नको. शेतात कानात दोऱ्या घालून निंदते, तर ओळ कधी संपते कळत नाही. परवा निंदता निंदता ताडकन उठले आणि बांधाकडे चालायला लागले. शेजारच्या रुपाने विचारलं, "कथी चालनी व?" काय सांगू तिला? कानात कोणीतरी म्हणालं होतं, "शीला, दिवामा तेल टाक व माय!"

आता लपवून उपयोग नाही. त्या प्लेयरमध्ये तुम्हीच आहात.

नवलभाऊजी हयात होते त्या शेवटच्या कानबाईला चंदनने त्याच्या फोनमध्ये तुमची गाणी भरून घेतली होती. ती मी त्याच्याकडून मागवली आणि तुझ्या आईला बोलू नकोस म्हणून बजावलं. मिथुनने गाणं गाणं वेगळं करून कार्डावर घातलं. तुमचं खोकणं आणि मला तेल घालायला सांगणं तेवढं मी काढू दिलं नाही.

भाऊजी गेले आणि तुम्ही म्हणालात, "आता मी आईसमोर कशी बसू?" आपल्या घरची रीतच तशी, कोऱ्या कपाळाने आईसमोर बसायचं नाही. सासूबाई स्वतः, सासरे गेल्यापासून, कानबाईला दाराआड बसतात. म्हणून यंदा सगळ्यांनी ठरवलं, ताई नाही तर ताईंचा आवाज आणू. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. कालपर्यंत.

काल आईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडायला भाऊबंदांच्या बायका आपल्या ओसरीवर जमल्या. रविवारी फजिती नको म्हणून मी प्लेयर लावून पाहिला. पहिलं गाणं आईला घरात घेण्याचं, तुम्हीच शिकवलंय. पण खिशात ठेवताना कडेचं बटण दाबलं गेलं असावं. त्याने गाणी उलटसुलट लागतात. तुमचा आवाज खणखणीत निघाला आणि गाणं कोणतं? सोमवारी नदीवर म्हणायचं, निरोपाचं! गहू निवडणारे सगळे हात सुपातच थांबले. सासूबाई दाराआडून ओरडल्या, "आय आजून दारमा बी नही उनी, अन् तू तिले वाटे लावस!"

मी घाईघाईने बंद केला. म्हटलं, थांबा, बटण चुकलं, आता बरोबर लावते. तर त्या म्हणाल्या, "नको लावू. आवाज तिना शे, पन ती कोठे शे?"

मग ताई, त्या उठल्या. कुरकुरत्या गुडघ्यांनी उंबरा ओलांडला आणि आमच्या मधोमध येऊन बसल्या. आईला घरात घेण्याचं गाणं त्यांनी धरलं. दोन ओळी आल्या, तिसरी काही केल्या आठवेना. आम्हा कोणालाच आठवेना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पदराने पुसत म्हणाल्या, "निर्मलाले बलाई ल्या. आय काय पोरनं कपाय देखस का?"

थोरल्या घरच्या कालीबाईंनी, ज्यांची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, सुपातले गहू पाखडत एवढंच म्हटलं, "तिले सांगा, सुती लुगडं लई ये. उकाडा भलता शे."

म्हणून हे पत्र. आमचे हे उद्या तुमच्याकडे यायला निघतील. शनिवारच्या परतीच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत, एक ह्यांचं, एक तुमचं; ते स्वतःहून सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. चंदनच्या नावाचे गहू रोटात धरले आहेत. रोट बाहेरच्या कोणाला देत नाहीत, तेव्हा त्याचा वाटा खायलाही कोणीतरी लागेलच.

मला तुमची फार आठवण येते ताई. शेतात कानात तुम्ही असता आणि बाजूच्या ओळीत नसता, ते मला सोसत नाही.

पत्रासोबत प्लेयर पाठवते आहे. मधलं मोठं बटण दाबा, तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येईल. चंदनला त्याच्या फोनमधलीही गाणी पुसायला सांगितलंय आणि मिथुनकडेही काही ठेवलेलं नाही. आता रनाळ्यात कानबाईचं एकही गाणं उरलेलं नाही. आई रविवारी येणार, आणि तिला घरात कसं घ्यायचं ते आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नाही.

दिव्यात तेल घालून बसलेली,
तुमची
शीला