इनेस माझ्या पायांकडे बघते

८ नोव्हेंबर २००९, मांद्रे
पोर्तुगीज परत आले. सध्या एकच आली आहे, पण सुरुवात अशीच होते. नाव इनेस. लिस्बनला डॉक्टरकी शिकते, शेवटचे वर्ष. परदेशात जाऊन पेशंट बघितल्याचा अनुभव लागतो म्हणे, म्हणून दीड महिना आमच्या सरकारी दवाखान्यात. जगात एवढे देश पडलेले असताना नेमका पेडणे तालुका? दवाखान्याच्या डॉ. सुमंगला यांनी तिच्यासाठी आमची माडीवरची खोली मागितली. मी ताबडतोब हो म्हटले. शत्रू डोळ्यांसमोर असलेला बरा. शालिनीला वाटले, नवरा मोठ्या मनाचा आहे. वाटू दे.

९ नोव्हेंबर
इनेसने वाकून नमस्कार केला. वाकली ती वाकलीच. बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली. संस्कार की पाळत? उजव्या अंगठ्याला एक फोड आहे, त्यापलीकडे बघण्यासारखे तिथे काही नाही.

१३ नोव्हेंबर
आरोग्यसेविकेबरोबर घरोघर फिरते. माणसे किती, विहीर कुठे, संडास कुठे. शिवाय वाड्याचा नकाशाही काढते. एकसष्ट साली पोर्तुगीज घाईत निघाले, तेव्हा राहून गेला असणार. आणि आमचे लोक! तिला चहा-पाव देतात आणि पोर्तुगालचा पासपोर्ट कसा मिळतो ते विचारतात. मुक्तिलढ्यात आम्ही याचसाठी उतरलो होतो का? (मी तेव्हा सावंतवाडीला मामाकडे होतो. पण मनाने उतरलो होतो.)

१७ नोव्हेंबर
मला विचारते, वडिलांना डायबेटिस होता का. वडिलांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. म्हणजे नजर घराच्या कागदांवर आहे. सावध उत्तर दिले : वडील होते.
मग म्हणाली, बोटाला सुई टोचून साखर बघू. रक्त द्यायला साफ नकार. डॉ. सुमंगलांच्या गोळ्या मी घेतोच आहे, एक दिवसाआड. रोज घेतल्या की शरीर आळशी होते.

२२ नोव्हेंबर
घातपात! उजव्या चपलेच्या तळातून, बरोबर अंगठ्याखाली, खिळा आरपार वर आलेला. तीच चप्पल घालून मी सकाळपासून बाजार, देऊळ, समुद्र असा फिरून आलो. घरी आल्यावर शालिनीने लादीवर रक्त बघितले. म्हणते, "खिळो भितर गेलो आनी तुमका कळूंक ना?"
नाही कळले, कारण दुखलेच नाही. सदुसष्टाव्या वर्षी असा काटकपणा गावात दुसऱ्या कोणाकडे आहे, दाखवा. खरा प्रश्न, खिळा ठोकला कोणी? चपला रात्रंदिवस माडीच्या जिन्याखाली असतात. आणि जिन्यावरून कोण उतरते?

२६ नोव्हेंबर
जखमेवर हळद. वर पांढरे मोजे. इनेसने कारण विचारले, थंडी सांगितली. डोक्यावर पंखा फुल स्पीडवर चालू होता. शालिनीने उठून तो मुद्दाम बंद केला आणि मला तासभर घामात बसवले.

२ डिसेंबर
इनेस कोकणी शिकते आहे. शिकवते कोण? माझी बायको. फितुरी घरातूनच व्हायची. आज दारात उभी राहून म्हणाली, "आबा, पांय दाखयात." उच्चार स्वच्छ. शालिनी आतून म्हणते, "दाखयलो तर पांय काय झिजतलो?" पायाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे.

५ डिसेंबर
जखम काळसर झाली. म्हणजे सुकत आली. थोडा वास येतो, तो मोज्यांचा. दुखत तर अजिबात नाही. दुखत नाही म्हणजे बरे होते आहे, एवढे कळायला लिस्बनला जावे लागत नाही.
संकल्प : उद्यापासून गोड बंद.
दुरुस्ती : जत्रेचे खाजे संपल्यावर.

९ डिसेंबर
शालिनीच्या कटकटीने देवाला कौल लावला. पाय दाखवावा की नाही? मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली, म्हणजे दाखव. पण गाभाऱ्याबाहेर पंखा चालू होता. तो बंद करून पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा उजवी. येताना लक्षात आले, गुरवाचा मुलगा नोकरीला लिस्बनला आहे.

१४ डिसेंबर
मंडळाचा अध्यक्ष बाबली येऊन गेला. मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला भाषण माझे. इनेसलाही आमंत्रण आहे. उत्तम. नकाशा, रक्त, खिळा, सगळे तिच्या तोंडावर काढणार. सराव चालू. पाय बुटात जात नाही, सुजला आहे. मोजे आणि सँडल घालीन.

१९ डिसेंबर, दुपार
उभ्याने बोललो. असे भाषण मांद्र्यात झाले नसेल. "वैरी रूप बदलून येतो" इथे आलो आणि सगळे स्तब्ध. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. वाटले, शब्द काळजाला भिडले. मग बघितले, तर माझ्या तोंडाकडे कोणीच बघत नव्हते. सगळे खाली बघत होते. पांढरा मोजा लाल झाला होता.
इनेस धावत स्टेजवर आली. बाबलीने खुर्ची सरकवली. झेंड्याखाली, सगळ्या गावासमोर तिने मोजा कापून काढला. आजपर्यंत मीसुद्धा तो अंगठा नीट बघितला नव्हता. डॉ. सुमंगला फोनवर अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला घाई करत होत्या.

२० डिसेंबर, बांबोळी, हॉस्पिटल
अंगठा उद्या काढणार. पाय वाचेल म्हणतात. इनेसचे विमान आज. जाण्याआधी आली. मी सांगितले, उजव्याचे झाले ते झाले, डावा ठणठणीत आहे. ती म्हणाली, बघू. नायलॉनचा एक जाड दोरा काढला. म्हणाली, डोळे मिटा, दोरा लागला की "हो" म्हणा.
काहीतरी डाव असणार. मी ठरवले, उगाच हो म्हणून फसायचे नाही. खरेच लागला तरच बोलायचे. डोळे घट्ट मिटून वाट बघत राहिलो. मुलगी फारच वेळ लावत होती. शेवटी मीच म्हटले, कर सुरू, तुझे विमान चुकेल.
पेटी उघडल्याचा आवाज आला. मला एकाएकी भीती वाटली. शालिनी म्हणाली, "अहो, तिचें जालें."
डोळे उघडले. इनेस दोरा पेटीत ठेवत होती. शालिनीने माझा डावा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. दिसले, म्हणून कळले.