कॅरिअर नसलेली सायकल

१२ ऑगस्ट, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही, म्हणून खरं लिहायचं.

काल डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तीन महिन्यांची साखर ६.९. त्या म्हणाल्या, रोज चाळीस मिनिटं अंग हलवा, बारा नोव्हेंबरला परत तपासू. साडेसहाच्या खाली आली तर सोडून देऊ, नाहीतर गोळ्या, आणि त्या एकदा लागल्या की सहसा सुटत नाहीत. मी विचारलं, अंग हलवा म्हणजे नेमकं काय करू. म्हणाल्या, चाला, सायकल चालवा, काहीही करा. 'काहीही' हा शब्द मला शास्त्रीय वाटला नाही.

बाबांचे डोळे साखरेनेच गेले. शेवटची चार वर्षं मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो आणि ते ऐकता ऐकता चष्मा पुसत बसायचे. मला भीती वाटते. एकदाच लिहून ठेवतो, परत लिहिणार नाही.

निर्णय: सायकल. ऑफिसला जाऊन-येऊन साडेसात किलोमीटर. तीन महिन्यांत साखर सहाच्या खाली.

१३ ऑगस्ट
जिन्याखाली हिची जुनी काळी सायकल आहे. माहेरून आलेली. बिनदांडीची, घंटी, साखळीवर झाकण, मागे भलंमोठं कॅरिअर. वजन लोखंडी कपाटाएवढं. ही म्हणाली, सध्या हीच घ्या, हवा भरून आणते. मी समजावलं की ज्या यंत्रावर तब्येत अवलंबून आहे, ते अभ्यास करून निवडायला हवं. ही सायकल हवा भरायला घेऊन गेली.

तक्ता आखला. रकाने: तारीख, मॉडेल, वजन, ब्रेक, गिअर, टायर, शेरा, किमी. आजचे किमी: शून्य. साहजिक आहे.

१७ ऑगस्ट
ऑफिसात 'मॅरेथॉन'ला विचारलं. हा गृहस्थ चार वर्षांपूर्वी एकदा अर्धी मॅरेथॉन धावला, तेव्हापासून रोज तोंडाने तीच धावतोय. म्हणाला, डोळे झाकून साधी रोड बाइक घे. त्यामुळे रोड बाइक बाद.

दुपारी, तक्रारींचे फोन कमी असताना, शोध लागला: सायक्लोक्रॉस. परदेशात चिखलातून, गवतातून याच्या शर्यती होतात. अडथळा आला की स्वार उतरतो, सायकल खांद्यावर टाकतो आणि पळतो. आमच्या ऑफिसच्या वाटेवर सात गतिरोधक, एक उघडं गटार आणि कायम खणलेला एक चौक आहे. ही सायकल याच रस्त्यासाठी बनली आहे. गुळगुळीत टायरवाल्यांना ते कळायचं नाही.

हिला सांगितलं. हिने विचारलं, क्रॉस म्हणजे रस्ता क्रॉस करायला का.

२४ ऑगस्ट
डिस्क ब्रेक की साधे? सहा व्हिडिओ पाहिले. तीन म्हणतात डिस्क, तीन म्हणतात साधे. सातवा पाहायला हवा.

माझ्यासाठी हवा भरलेली काळी सायकल ही शाळेत घेऊन जाते. शाळेच्या ऑफिसात नोकरीला आहे ना ती. म्हणते, भरलेली हवा वाया कशाला घालवायची. जाऊ दे. तिला साखर नाही, तिला घाईत काहीही वापरून चालतं.

किमी: शून्य.

२९ ऑगस्ट
सायकलवाल्याकडे गेलो. साठीचा माणूस, हाताला ग्रीस, तोंडात स्पोक. सायक्लोक्रॉस म्हटल्यावर स्पोक काढून त्याने विचारलं, चिखलात कुठे जाणार. मी म्हटलं, ऑफिसात. त्याने स्पोक परत तोंडात घातला.

अडचणी मात्र मोकळेपणाने सांगितल्या: स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर लावायला भोकंसुद्धा नाहीत. यालाच शुद्ध डिझाइन म्हणतात. घरी हिला कौतुकाने सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, कॅरिअर नाही म्हणता? मग तुमची जोडी छान जमेल.

मी बावीस वर्षं लिफ्ट देखभालीच्या कंपनीत आहे आणि तक्रार विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी आणि एक फोन आहे, हा भाग वेगळा. पण असले टोमणे मी मनावर घेत नाही. रात्री जेवताना बोललो नाही ते घसा बसला होता म्हणून.

६ सप्टेंबर
डॉक्टरीणबाई लिफ्टमध्ये भेटल्या. त्यांनी विचारलं, जिना का नाही. मी म्हटलं, आमच्या धंद्याशी ती बेइमानी होईल. त्या हसल्या नाहीत. सायकल निवडतोय असं सांगितलं. म्हणाल्या, निवडेपर्यंत चाला. आता मनात सायकल पक्की झाल्यावर चालणं म्हणजे फाटे फोडणं. मन एकाग्र हवं.

१५ सप्टेंबर
खांद्याची तयारी सुरू. सायकल येईल तेव्हा उचलायची सवय हवी. इस्त्रीचं टेबल खांद्यावर घेऊन हॉल ते गॅलरी बारा फेऱ्या. तेराव्या फेरीत वळताना टेबलाचा पाय पडद्यात अडकला.

१६ सप्टेंबर
मान डावीकडे वळत नाही. खेळाडू म्हटला की दुखापत आलीच. पंधरा दिवस विश्रांती, ही माझीच सूचना. ही म्हणाली, इस्त्रीच्या टेबलावर साधी इस्त्री तरी करून बघा एकदा.

किमी: शून्य (दुखापत).

२ ऑक्टोबर
मॉडेल ठरलं. डिस्क. अकरावा व्हिडिओ निर्णायक ठरला. आता फक्त फ्रेमची साइज.

सायकलवाला म्हणाला, दुकानात या, दोन सायकलींवर पाय टाकून उभे राहा, दोन मिनिटांत कळेल. मला हे अंदाजपंचे काम नको. इंटरनेटवर कॅल्क्युलेटर आहे. त्यात पायाची उंची घालायची की तो दशांशापर्यंत साइज देतो. मान दुखत असल्याने वाकून मोजता आलं नाही. पण माझं माप गेली वीस वर्षं एका माणसाच्या वहीत आहे. टेलरला फोन केला, माझी उंची सांगा. त्याने पानं चाळली आणि म्हणाला, उंची चाळीस. वर न विचारता सांगितलं की कंबर छत्तीसची अडतीस केली होती, आता चाळीस धरावी लागेल. ते मी लिहून घेतलं नाही.

कॅल्क्युलेटरमध्ये चाळीस इंच घातले. उत्तर: साइज ६४. खाली लिहून आलं की तुमचे पाय असामान्य लांब आहेत. दोनदा वाचलं. माझी एकूण उंची पाच फूट पाच, आणि त्यात चाळीस इंच नुसते पाय. आजवर कुणी लक्षात आणून दिलं नाही. हिला सांगितलं. हिने मला उभं करून पायांपासून वरपर्यंत पाहिलं आणि कुकर लावायला गेली.

३ ऑक्टोबर
ऑर्डर दिली. सायकलवाल्याने साइज दोनदा विचारली, मग माझ्याकडे पाहिलं, मग तिसऱ्यांदा विचारली. मी मोबाइलवर उत्तर दाखवलं. त्याने बजावलं की ही खास मागवावी लागेल, परत घेणार नाही. मी म्हटलं, गणित परत घेता येत नाही. मलाच आवडलं वाक्य.

२१ ऑक्टोबर, सकाळी ६.३०
आली. काय रूप आहे. मॅट हिरवी. काल संध्याकाळी दुकानातून ढकलत आणली, कारण वाटेत गर्दी होती. सीट माझ्या बरगड्यांशी येते.

६.५०: बसायचा प्रयत्न केला. सीट पूर्ण खाली केली तरी दांडी मध्ये येते. शब्दांत लिहिण्यासारखं नाही.

७.१५: उपाय सापडला. सोसायटीच्या कट्ट्यावर चढायचं, तिथून सायकलवर. निघालो, फाटकापर्यंत गेलो. थांबायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की थांबायला पाय जमिनीला लागावा लागतो.

७.२०: वॉचमनने उचललं. सायकललाही ओरखडा नाही.

२२ ऑक्टोबर
टेलरकडे स्वतः गेलो. तो शांतपणे म्हणाला, उंची म्हणजे पँटची उंची. कमरेच्या पट्ट्यापासून खाली टाचेपर्यंत, बाहेरून. आतलं माप वेगळं असतं, तुमचं अठ्ठावीस आहे, तुम्ही विचारलंत कुठे. मग टेप गळ्यातून काढली आणि म्हणाला, आलाच आहात तर कंबरही घेऊ का.

चूक कुणाची, हे मी लिहीत बसत नाही. टेलरची.

२७ ऑक्टोबर
सायकलवाला म्हणतो, तुम्हाला ४९ लागते. सहा फूट चार इंचांचा माणूस मिळाला तर विकून देईन. मी म्हटलं, विकायची नाही, मी शैली बदलतोय. सायक्लोक्रॉसचा आत्मा चालवण्यात नाही, उचलण्यात आहे. आज खांद्यावर घेऊन ऑफिसच्या वाटेवर दोनशे पावलं चाललो. मॅरेथॉन स्कूटरवरून जाताना थांबला आणि विचारलं, पंक्चर का. मी मान हलवली. उजवीकडेच हलते अजून.

घरी परतून सायकल लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावर न्यायला गेलो. उभी करून, पुढचं चाक छताला टेकवून. दार मिटेना, लिफ्ट अडकली. तक्रारीचा फोन माझ्याच विभागात गेला. उचलायला तिथे कुणी नव्हतं.

५ नोव्हेंबर
सात दिवस उरले. सात गुणिले चाळीस मिनिटं. जमण्यासारखं आहे. उद्यापासून.

हिने आज टेलरकडून तिचे तीन कुडते आत घेऊन आणले. मी विचारलं, बिघडले होते का. म्हणाली, ढगळ होतात हल्ली.

८ नोव्हेंबर
पावलं मोजायचं घड्याळ घ्यावं का? चार मॉडेल आहेत. तक्ता आखतो.

१२ नोव्हेंबर, रात्री
रक्त सकाळी देऊन आलो होतो. रिपोर्ट अकरा वाजता. बस चुकली, पुढची पाऊण तासाने. ही अर्धी रजा टाकून आली होती. काळी सायकल काढून म्हणाली, बसा मागे. मी म्हटलं, लोक बघतील. ती म्हणाली, बघू देत, तुमचे पाय लांब आहेत, खाली घासणार नाहीत एवढं सांभाळा.

बसलो. कॅरिअर मजबूत आहे, हे मान्य करायला हवं. ही गतिरोधकावर उठून पेडल मारते, दम लागत नाही, घंटी वाजवते, चौकात डावीकडे हात दाखवते. इतकं छान कधी शिकली कोण जाणे. चढावर म्हणाली, उतरा. उतरून चाललो. वर पोचल्यावर ती थांबली होती. मला धाप लागली होती, तिला नाही.

रिपोर्ट: ७.८. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सायकल घेतलीत ना. मी म्हटलं, घेतली. विचारलं, मग. त्यांनी गोळ्या लिहिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. मग डोळे तपासून घ्यायची चिठ्ठी दिली. डोळे हा शब्द ऐकून ही माझ्याकडे न बघता पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत राहिली. बराच वेळ.

परत येताना तीच सायकल. उतारावर ही म्हणाली, घट्ट धरा. धरलं. चष्म्यावर धूळ आली होती. पुसायला हात सोडवेना.

संध्याकाळी तक्ता काढला. तीन महिन्यांत 'किमी'च्या रकान्यात सगळी शून्यं. आज पहिल्यांदा आकडा लिहिला: ६.४.

शेरा: चढ वजा जाता.