शालन गावडेला शोधू नका

प्रिय शाले,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. खरं तर आत्ता तू समोर असतीस तर आधी पाठीत एक सणसणीत धपाटा घातला असता आणि मग तोंड उघडलं असतं. पण तू चार महिन्यांपूर्वी निघून गेलीस आणि माझा राग गुरुवारपासून घरभर फिरतोय. म्हणून आज भर दुपारी, जेवलेलं ताटसुद्धा न उचलता लिहायला बसलेय.

गुरुवारी नीलेश आला होता. आपल्या मंडळाचा नवा सेक्रेटरी. आपण खेळायचो तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. खोपटला आपल्या मैदानाला लागून मंडळाचा हॉल बांधून झालाय, पुढच्या रविवारी उद्घाटन. दारातच काळा दगड बसवणार आहेत आणि त्यावर कोरणार आहेत मंडळाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या सात कबड्डीपटूंची नावं. सातही बायका, कारण मंडळाचं नाव झालं ते आपल्या पोरींच्या संघामुळे. हे सगळं तुला माहीत होतं म्हणा. आता कळतंय की माझ्यापेक्षा जास्तच माहीत होतं.

त्या पोरांनी नियम साधा ठेवला. भांडणं नकोत म्हणून जी मंडळाकडून जास्त सामने खेळली, ती वर. जुन्या वह्या कपाटातून काढल्या, झुरळं झटकली, सगळं कम्प्युटरवर चढवलं आणि सहा महिन्यांपूर्वी यादी काढली. सातवी आले मी. मंदा राणे!

नीलेश म्हणाला, ‘मावशी, तुमच्या नावाचं स्पेलिंग-बिलिंग एकदा बघून घ्या. सोमवारी कोरायला देतोय.’ मी चष्मा लावून माझं नाव तीनदा वाचलं. तेवढ्यात तो चहात बिस्कीट बुडवत सहज बोलून गेला, ‘यादीत एकच लोचा होता. शालन गावडे म्हणून एक प्लेयर आहे, अकराव्या नंबरला. तिचं पुढे काय झालं कुणालाच माहीत नाही. चौदाव्या नंबरला सकपाळ मावशी होत्या, त्या साधारण त्याच टायमाच्या, म्हणून मी सगळी यादी घेऊन खडवलीला त्यांच्या घरी गेलेलो. आजारी होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, होती एक शालन. लग्न होऊन गेली, ती परत आलीच नाही. तिला शोधू नका.’

शाले! तिला शोधू नका?

तो पोरगा तुझ्या खाटेशेजारी बसून तुलाच तुझी चौकशी करत होता आणि तू त्याला सरळ वाटेला लावलंस? हसली तरी असशील का गं नंतर? की त्याच्यासाठी चहा टाक म्हणून आत हाक मारलीस आणि कूस बदललीस?

अकरावी शालन गावडे, चौदावी सुहासिनी सकपाळ. एकाच बाईचे दोन तुकडे करून दोन खणांत ठेवले त्यांनी. चूक त्या पोरांची नाही, त्यांना कोण सांगणार होतं? आपल्याला शिकवणारे, वह्या लिहिणारे सर गेले. आपल्यातल्या बाकीच्या जणींना फक्त वरची सात नावं कळवली होती. पण त्या दोघींची बेरीज तर पहिलीतलं पोरही करेल. बेरीज केली की पहिली येतेस तू. पहिली! दुसरी पार खाली राहते. आणि मग सगळ्याजणी एकेक पायरी उतरतात आणि सातवी बाहेर जाते.

म्हणजे मी.

तुझ्या लग्नात मी होते ना. तांदळाचं ताट पुढे आणलं, भाऊजींनी अंगठीने तांदळात नाव लिहिलं, ‘सुहासिनी’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात कोणी वाजवल्या? मी! किती छान नाव, किती छान नाव, म्हणून मीच नाचत होते. तू ताटाकडे बघत होतीस. मला वाटलं लाजतेयस. गावडे गेलं ते ठीक, ते सगळ्यांचंच जातं. पण शालनसुद्धा गेली, हे माझ्या टाळकुऱ्यात तेव्हा शिरलंच नाही.

पुढे तुझ्या सासऱ्यांनी सरांना निरोप पाठवला, सूनबाई खेळेल, पण आमच्या नावाने खेळेल. सरांना काय, त्यांना तू हवी होतीस. त्यांनी नव्या वहीत नवं नाव लिहून टाकलं. जुन्या वहीत एक रेघ ओढून ‘हीच ती’ एवढं लिहायला किती वेळ लागला असता? दोन शब्द! तेही नाही लिहिले. आणि तूही म्हणाली नाहीस.

मैदानावर मात्र तुला सुहासिनी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. एवढं लांबलचक नाव घेईपर्यंत चढाईला आलेली पोरगी रेषेपार जाऊन पाणी प्यायला लागली असती.

आठवतंय ना, तू डाव्या कोपऱ्यात आणि मी तुझ्या शेजारी, हातात हात अडकवून. तुझा हात कायम खरखरीत, माझा घामाने निसटणारा. तू माझं बोट दाबलंस की मला कळायचं, आता जाणार ही. मग तू खाली वाकून घोटा धरायचीस. ती बया पाय झाडायची, तुझ्या तोंडावर, खांद्यावर, कुठेही. आणि ती अर्धी पडली की मी वरून झेप घ्यायचे. धूळ उडायची, शिट्टी वाजायची, आणि उठून उभी राहायची ती मी. तू सगळ्यात खाली, तोंडात माती. पेपरात छापून यायचं, मंदा राणेची अप्रतिम पकड! ते कात्रण तूच मला आणून द्यायचीस, कडा नीट कापून.

तेव्हाच मला थोडी शरम वाटायला हवी होती. नाही वाटली. बावीस-तेवीसची होते, मला ते आवडायचं.

खेळ सोडल्यावर माझं लग्न झालं म्हणून त्या वह्यांत मी अखंड राहिले. एवढंच माझं कर्तृत्व! तू खडवलीहून यायचीस, सासूचा स्वयंपाक आटपून, आठवड्यातून तीनदा. रूपाली झाल्यावर सातव्या महिन्यात परत मैदानात हजर. ती बाहेर सरांच्या बायकोच्या मांडीवर रडायची आणि तू आत उभी, पदराऐवजी दात आवळून. आणि ही बाई म्हणे परत आलीच नाही!

बरं, मी यादीत आले हे कळल्यावर सगळ्यात आधी फोन कुणाला केला? तुलाच. डोंबिवलीतल्या माझ्या या गॅलरीत उभी राहून ओरडले होते, ‘शाले, सातवी आले मी! दगडावर नाव लागणार!’ तू केवढी हसलीस. म्हणालीस, ‘पेढे घेऊन ये, नाहीतर दारात घेणार नाही.’ मग मी विचारलं, ‘तुझं कसं नाही गं?’ तर म्हणालीस, ‘अगं, मी कुठे तुझ्याएवढी खेळले. संसारात अर्धं गेलं माझं.’

आणि मी ते खरं मानलं.

शाले, राग तुझ्यावर आहेच, पण हे वाक्य लिहिताना हात थांबला माझा. मी ते खरं मानलं! प्रत्येक सामन्यात जिचा हात माझ्या हातात होता, ती माझ्यापेक्षा कमी सामने कशी खेळली असेल, असा साधा प्रश्न मला पडला नाही. का नाही पडला? मला तो पडायला नको होता म्हणून. आपल्यातल्याच एकीने फोन करून हळहळ केली, शालीचं नाव नाही गं यादीत, तर मीच तिला ऐकवलं, नियम सामन्यांचा आहे, भावनेचा नाही. काय तो माझा तोरा!

तू हे का केलंस तेही मला ठाऊक आहे. आमचे हे गेले त्या वर्षी मी तुझ्याकडे राहायला आलेले. मागच्या पडवीत वाल सोलताना मी म्हटलं होतं, आयुष्यात माझं नाव रेशनकार्ड सोडून कुठे लागलं नाही. तू शेंगा सोलत राहिलीस. मी बोलून विसरले. तू नाही विसरलीस.

पण तुला कुणी सांगितलं होतं हे दान करायला? विचारलंस मला? तुझी जागा मला देऊन टाकलीस आणि वर मला पेढे मागितलेस! मी ते आणले. तू अर्धा खाल्लास, तेव्हा तुला गिळतही नव्हतं. मी समोर बसून यादीतल्या बाकीच्या सहाजणींवर टीका करत होते. तुला काय वाटत होतं गं तेव्हा? एकदा तरी उठून म्हणायचं होतंस, ‘मंदे, गप्प बस, पहिली मी आहे.’ एकदा! आयुष्यभर खाली पडून घोटा धरलास, मरतानाही तेच?

मला दया नको होती तुझी. मी सातवी नाही, हे मला आवडलं नसतं, मी चार दिवस फुगून बसले असते, पण मेले नसते.

आता सगळ्यात वाईट गोष्ट सांगते, कारण तुझ्याशिवाय ती कुणाला सांगणार? नीलेश गुरुवारी गेला. आज रविवार. मी त्याला फोन केलेला नाही.

तीन दिवस, शाले. नंबर फोनमध्ये आहे. शुक्रवारी म्हटलं तो कामावर असेल. काल म्हटलं, तिचीच इच्छा होती ना, मरणाऱ्याची इच्छा मोडू नये. मी स्वतःला इतकं गोड समजावलं की माझी मलाच लाज वाटली. मुलगा, सून, नातवंडं सगळी यायची आहेत बघायला. सुनेने माझ्यासाठी साडी काढून ठेवलीय. ती साडी कपाटाबाहेर हँगरला लटकतेय, आणि मी येता-जाता तिच्याकडे बघतेय.

आज सकाळी रूपालीचा फोन आला. तिला आमंत्रण आहे, माजी खेळाडूंच्या घरच्यांना देतात तसं. मला म्हणाली, ‘मावशी, तुमचं नाव लागतंय म्हणून मी नक्की येणार. आई असती तर किती खूश झाली असती! ती पण थोडंफार खेळायची ना?’

थोडंफार!

मी विचारलं, ‘तुला कोणी सांगितलं थोडंफार?’ म्हणाली, ‘आईच म्हणायची. टाइमपास म्हणून खेळायचो, असं.’ तुझी मुलगी कल्याणच्या शाळेत पोरींना कबड्डी शिकवते, शाले. त्यांना घोटा धरायला शिकवते. आणि तिला माहीत नाही की ती कुणाची मुलगी आहे! माझ्यासाठी तू तुझी जागा सोडलीस ते सोडलीस, पण ती तिचीही होती. ते द्यायचा तुला काय अधिकार होता?

मी फोन ठेवला. जेवले, ताट तसंच ठेवलं. मग हे लिहायला घेतलं. मधे एकदा भाऊजींना फोन केला, म्हटलं तिचं आधीचं नाव लावायचंय. ते म्हणाले, ‘आता कशाला उकरून काढता? सगळ्या कागदांवर सुहासिनी आहे. डेथ सर्टिफिकेटवर पण.’ मी म्हटलं, ‘भाऊजी, सुहासिनी गेली त्याचे कागद तुमच्याकडे राहू देत. शालन गेल्याचा कागद कुणाकडे आहे?’ त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’ माणूस वाईट नाही गं तुझा. त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

थांब. आधी नीलेशला फोन करते, मग पुढे लिहिते. नाहीतर हे पत्र संपेल आणि माझा धीरही.

केला.

त्याला पाच मिनिटं काही कळेना. मग कळलं तेव्हा म्हणाला, ‘काय सांगता मावशी! मी त्यांनाच विचारत होतो? पण आता सातच जागा आहेत हो. दगडाचं माप दिलंय. एक नाव कमी करावं लागेल.’

‘कर,’ मी म्हटलं.

‘कुणाचं?’

शाले, तेवढा एक शब्द बोलायला मला जो वेळ लागला, त्याची मी तुझी माफी मागते. बोलले. तो म्हणाला, ‘मावशी, तुम्हाला चालेल?’ मी म्हटलं, ‘नाही चालणार. तरी कर.’ आणि फोन ठेवून रडले, तुझ्यासाठी थोडं आणि माझ्यासाठी बरंच. खोटं कशाला सांगू?

मी त्याला सांगितलंय, पहिल्या ओळीत शालन गावडे लिही, सुहासिनी सकपाळ शेजारी लिही, आणि दोन नावांच्या मधे जागा सोडू नकोस.

आता वचन देते ते नीट ऐक. पुढच्या रविवारी मी येणार, तीच साडी नेसून. रूपालीला हाताला धरून दगडापुढे नेणार, तुझ्या नावावर तिचं बोट ठेवणार आणि तू काय होतीस ते पहिल्या सामन्यापासून सांगणार. तुझा राग-लोभ मला चालणार नाही. तुझं ऐकून घेण्याची पाळी आता संपली.

तुझी, यादीत आठवी,
मंदा