गजाभाऊंचा हात

रत्नागिरी, मंगळवार, १३ जानेवारी

सेकंडहँड डिजिटल प्रोजेक्टर विकणाऱ्याने सगळं धाडलं, फक्त लेन्सचं झाकण सोडून. परिणामी माझी माकडटोपी यंत्राच्या तोंडावर आणि मी सर्दीने बेजार. हा अधर्म इथे नोंदवून ठेवतो.

आज आमच्या बंद टॉकीजमध्ये तो सुरू झाला. काय तो प्रकाश! तेजस् हा शब्द संस्कृतच्या वर्गात वर्षानुवर्षं चालवला, अर्थ आज पडद्यावर दिसला. समुद्र आला तेव्हा पहिल्या रांगेतल्या आमच्या सौ.नी चक्क पाय वर घेतले.

जुने ऑपरेटर गजाभाऊ यांना मी खास पूर्णगडहून आणलं होतं. वीसेक मिनिटं झाली नि ते सवयीने रीळ बदलायला उठले. हात यंत्राकडे गेला, तसाच राहिला.

"मास्तर, हा बाबा थांबणार नाय काय?"

"नाही हो. इंटरव्हलसुद्धा तोच करतो."

"मग मी काय, ह्याला वारा घालू?"

दोघेही हसलो. पण तो अधांतरी हात... अजून डोळ्यांपुढे आहे. 'केबिन पुन्हा तुमचीच' या माझ्या शब्दावर त्यांनी बर्फ कारखान्यातली नोकरी सोडली. इथे तर एक बटण दाबलं की झालं, आणि ते मलाही जमतं. गजाभाऊंना काम काय देऊ, मला खरंच माहीत नाही.