ठराव क्रमांक नऊवरील सही मागे घेणेबाबत

दिनांक : १३

प्रति,
माननीय पुनर्वसन अधिकारी,
विस्थापितांची तात्पुरती वसाहत, गोदामे क्रमांक एक ते चार,
कार्यालय : फाटकाजवळील वजनकाट्याची केबिन.

विषय : ठराव क्र. ९ वर केलेली सही मागे घेण्याबाबत व सदर ठरावास मंजुरी न देण्याबाबत.

संदर्भ : १) वसाहत समितीची अकरावी बैठक. २) अर्जदाराचा दि. ९ चा अर्ज (खोटा). ३) आपल्या कार्यालयाबाहेरील फलकावरचे छायाचित्र, पुढील रांग, डावीकडून दुसरी.

महोदय,

१. अर्जदार ही गोदाम क्रमांक दोनमध्ये खिडकीच्या बाजूने चौथ्या पडद्याआड पती, सासूबाई व दोन मुलींसह गेल्या आठवड्यापर्यंत राहत होती. समितीवर तीन बायका असल्याच पाहिजेत असा आपला नियम असल्याने तिची निवड झाली. एक बाई अध्यक्षांची भावजय म्हणून घेतली, दुसरी कानाने अधू असल्याने वाद घालत नाही म्हणून, आणि अर्जदाराला सही झोकदार करता येते म्हणून. तिने ही निवड आनंदाने स्वीकारली होती, हे आधीच नमूद करते.

२. बैठकीची पद्धत आपणांस कागदावरून कळणार नाही, म्हणून लिहीत आहे. सदस्य नऊ, खुर्च्या सात. सुरुवातीला आपल्या कार्यालयासाठी छायाचित्र काढतात. त्यासाठी पुरुष उठतात आणि तिघी पुढच्या रांगेत बसतात. छायाचित्र झाले की तिघी नोंदवहीत पानाच्या तळाशी सही करतात व प्लायवुडच्या आडभिंतीमागे चहा करायला जातात. नंतर हात ओले असतात, वही खराब होते, म्हणून सही आधी. ठराव मागाहून वरच्या कोऱ्या जागेत लिहिला जातो. अकरा बैठका हे असेच चालले आणि कोणालाही त्यात वावगे दिसले नाही. अर्जदारालाही नाही. गाव सुटल्यापासून तिला "या, बसा" असे कोणी म्हटले नव्हते. त्या अर्ध्या मिनिटाच्या खुर्चीचे तिला फार अप्रूप वाटे.

३. ठराव क्र. ९ असा : "ज्या बायकांबरोबर पुरुषमाणूस नाही त्यांना स्वतंत्र खोलीची आवश्यकता नसल्याने टोकाची खोली कुटुंबास द्यावी व सदर बायकांना फाटकाजवळील पत्र्याच्या शेडमध्ये हलवावे." वसाहतीत आतून कडी असलेली ती एकच खोली आहे. तीत सहा बायका राहत होत्या. मागच्या सोमवारी त्यांना हलवले. शेडला दार नाही. आता एक अंघोळीला बसली की दोघी चादर धरून उभ्या राहतात.

४. त्या सहांपैकी एक सुईण आहे. आम्ही गाव सोडून निघालो तेव्हा अर्जदाराची धाकटी मुलगी चालत्या ट्रकमध्ये हिच्याच हातांवर जन्मली आणि हिच्याच शालीत गुंडाळली गेली. ती शाल परत मागायचे तिने कधी नाव काढले नाही. शेडमध्ये गेल्यानंतर ती नळावर भेटली तेव्हा म्हणाली, "ठरावाखाली तुझी सही आहे ना गं? मला वाचता येत नाही, पण तुझी सही ओळखते मी. तूच कौतुकानं दाखवली होतीस." एवढे बोलून ती बादली उचलून गेली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे अर्जदाराला झाले.

५. त्यानंतर अर्जदार आपल्या कार्यालयात आली. सदस्य बैठकीस गैरहजर असेल तरच सही रद्द होते, असे कारकुनांनी सांगितले. म्हणून दि. ९ रोजी तिने गैरहजर असल्याचा अर्ज दिला. त्यावर कारकुनांनी फलकाकडे बोट दाखवले. "बाई, तुम्ही तर इथं पुढच्या रांगेत बसून हसताय!" पुढे त्यांनी असेही समजावले, की अकराही बैठकांना बायका आडभिंतीमागे होत्या असे सिद्ध झाल्यास तिघींचे सदस्यत्व जाईल, समिती नियमबाह्य ठरेल आणि नळाचा व मुलींच्या शाळेचा ठरावही रद्द होईल. म्हणजे सुईणीला दार हवे तर मुलींची शाळा बंद. ऐकू आले नाही असे लिहा, असाही उपाय त्यांनी सुचवला. परंतु ते कारण दुसऱ्या सदस्याचे आहे.

६. महोदय, येथपर्यंत लिहिलेले सर्व खरे आहे, पण मुख्य गोष्ट राहिली आहे. प्लायवुडमधून सगळे ऐकू येते. अर्जदाराने ठराव शब्दन् शब्द ऐकला. अध्यक्षांनी "कुणाची हरकत?" असे विचारलेले ऐकले. सातवा कप ओतता ओतता भरून वाहिला, तरी तिचे तोंड उघडले नाही. कारण खोली कोणाला मिळणार हे त्याआधीच ठरलेले तिने ऐकले होते. चौथ्या पडद्याच्या कुटुंबाला, म्हणजे अर्जदारालाच. अळीमिळी गुपचिळी.

आज सहा दिवस ती त्या खोलीत राहत आहे. मोठी मुलगी कडी लावून कपडे बदलते, आईला चादर धरावी लागत नाही. याचे सुख वाटले नाही असे लिहिल्यास हाही अर्ज खोटा होईल. सबब दि. ९ चा अर्ज फाडून टाकावा. अर्जदार हजर होती.

७. परवा आपली मंजुरीची सही झाली की ठराव कायम होईल. ती करू नये, ही कळकळीची विनंती. काल अर्जदाराने खोलीची किल्ली सुईणीपुढे धरली. तिने हात पुढे केला नाही. "गुपचूप नको. जिथं घेतलीस तिथं दे, सगळ्यांसमोर," म्हणाली. तरी बैठक पुन्हा बोलवावी, त्या सहा बायकांनाही बोलवावे, आधी ठराव लिहावा व मग सह्या घ्याव्यात. त्या दिवशी चहा नसला तरी चालेल.

८. राजीनामा दे म्हणजे विषय मिटेल, असे पती व अध्यक्ष दोघेही सांगतात. अर्जदार राजीनामा देत नाही. घरी बसले की तोंड लपवायला जागा मिळते, आणि समितीवरच्या जागी अध्यक्षांची दुसरी भावजय तयारच आहे. जे प्लायवुडमागे बोलायचे राहिले ते अर्जदाराला समोर उभे राहून बोलायचे आहे. तिचा आवाज कापेल. कापला तर तसे नोंदवहीत लिहावे.

९. चौथा पडदा आता दुसऱ्या कुटुंबास दिला आहे. त्यामुळे बैठक होईपर्यंत अर्जदार दोन मुलींसह शेडमध्ये राहील, सुईणीने जागा दिल्यास. तसे तिला विचारले आहे. तिने अजून हो म्हटलेले नाही.

आपली नम्र व शरमिंदी,
(सही)
महिला सदस्य, वसाहत समिती

सोबत : टोकाच्या खोलीची किल्ली, एक. (दुसरी सासूबाईंपाशी आहे. त्या देत नाहीत.)