बाटलीतली लिंबाएवढी पिशवी

प्रिय राजेश्री वहिनी,

तीन महिने झाले, आज लिहितो उद्या लिहितो करत राहिलो. फोन तुम्ही उचलत नाही, बरोबरच आहे. कागद घेतला की चहा आठवतो, चहाला गेलो की कुणीतरी गंगाखेडला निघालेलं भेटतं, अन् मी बसतो त्याच्या गाडीवर मागं. माझी सवय तुम्हाला माहीतच आहे.

देवगाव फाट्यावरचं पंक्चरचं दुकान सोडलं. आता परभणीत जनावरांच्या लॅबमध्ये बाटल्या पुसतो. बाटल्यांत जंत. जुन्या चिठ्ठ्या गळून गेल्यात. मनिषा मॅडम नुसतं बघून नाव सांगतात, मी नवी चिठ्ठी डकवतो. मलाबी थोडं कळायलंय. मेंढीच्या आतड्यातला पट्टकृमी परकराच्या नाडीसारखा, त्याचे तुकडे आडवे, रुंद. कुत्र्याच्या पोटातला असला तर तुकडे उभट, अन् टाचणीच्या टोकाएवढ्या डोक्यावर गळासारख्या बारीक आकड्यांचं कडं. भिंगाखाली लय देखणं दिसतं.

मग एक बाटली आली. आत लिंबाएवढी पाण्याची पिशवी, तिला पांढरे ठिपके. मॅडम म्हणल्या, "ओळख." मी म्हणलं, "हा जंत न्हाई, फोड हाय." त्या हसल्या. "अरे, हे त्याचं बालपण. मेंढीच्या मेंदूतलं. एकेक ठिपका म्हणजे एकेक डोकं." कुत्र्यानं असला मेंदू खाल्ला की पोटात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, गवतातून दुसऱ्या मेंढीच्या मेंदूत. मग ती मान वाकडी करून गरगर फिरते अन् मरते.

तुम्ही लग्न होऊन आलात त्या वर्षी आपल्या अकरा मेंढ्या अशाच गेल्या. नव्या नवरीचा पायगुण, हे पहिल्यांदा मीच बोललो होतो, गमतीत. आईनं ते धरून ठेवलं, दादा गप्प बसला, तुम्ही राणीसावरगावला माहेरी गेलात. त्याला दीड वर्ष झालं. अन् मेलेल्या मेंढ्यांची डोकी दगडानं फोडून आपल्या चित्त्या कुत्र्याला घालणारा मीच. तुम्ही यायच्या दोन वर्षं आधीपासून.

मागच्या आठवड्यात आईला हे फोनवर सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला. म्हणून हे कागदावर, चारचौघांत दाखवा. खाली मॅडमची सही घेतलीय.

एवढ्यात शिपाई सांगायलाय, गेटवर कुणी बाई टेम्पोतून मेंढी घेऊन आलीय. खिडकीतून बघितलं. आई आहे, एकटी. मेंढी गोल गोल फिरायलीय, अन् दोरी धरून तिच्यासंगं आईबी.

तुमचाच,
माऊली