मीनलची सॅक

शनिवार, जुलै २०२१. आयर्लंड, विकलोच्या डोंगरात, तंबूत. अजून उजेड आहे.

मीनल आज वर आली. स्वतःची सॅक स्वतःच्या पाठीवर घेऊन! जानेवारीत कोविडमधून उठली तेव्हा आमच्या नासच्या फ्लॅटचा जिनाही तिला चढवत नव्हता. आज चढावर ती धापा टाकायला लागली, तशी मी सारखी म्हणत होते, "सॅक दे इकडे." शेवटी भडकलीच. "हात लावू नकोस हं!" का मागत होते मी? तिची काळजी, की माझीच भीती?

तळ्यावर पोचलो आणि बयेने बसायच्या आधी गळ टाकला. बऱ्याच वेळाने वीतभर ट्राउट लागला. शेजारी मासे धरत बसलेले आजोबा म्हणाले, "फेअर प्ले टू यू!" म्हणजे इकडची शाबासकी. ते माशाबद्दल म्हणाले. मी मनात ते सॅकला जोडलं.

मासा हळद-मीठ लावून परतला, खाल्ला. मग कळलं, गाद्यांचा पंप मी घरीच विसरलेय. मीनलने तिची गादी तोंडाने फुंकून फुगवली. अख्खी! हॉस्पिटलमधून आली तेव्हा हिला एक सबंध वाक्य एका दमात बोलता येत नव्हतं.

गाल लालबुंद झाले होते. म्हणाली, "आता तुझी आण इकडे."

मी मुकाट्याने दिली.